रिंग घ्यावी की चौकट बांधावी? वाकळ शिवणाऱ्यांचे प्रश्न

हातानं वाकळ किंवा गोधडी शिवताना थर धरून ठेवायला काय वापरावं, यावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथं घेतले आहेत. एकाच गोष्टीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत. मापं बहुतेक इंचातच ठेवली, कारण सुतार आणि शिंपी दोघांचाही टेप इंचातच चालतो. थरांची जाडी आणि नळाचा पाइप यांच्यापुरते मिलिमीटर आले आहेत.

शहापूर, बेळगाव : भरतकामाची १२ इंची लाकडी रिंग घरात आहे. आईच्या सुती लुगड्यांची वाकळ तिच्यात बसवायला गेले तर स्क्रूचे आटेच गेले. त्यापेक्षा मोठी, १८ इंची आणली तर बसेल का?

नाही बसणार, आणि याचं कारण साध्या गणितात आहे. आतल्या आणि बाहेरच्या कड्यामध्ये कापडाची जाडी मावायची तर बाहेरचं कडं स्क्रूपाशी उघडावं लागतं. थर ३ मिलिमीटर जाड असतील तर कड्याचं तोंड साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच उघडतं. कडं १२ इंची असो की १८ इंची, हा आकडा तोच राहतो, कारण जाडीला सव्वासहानं गुणलं की लागणारं तोंड येतं. भरतकामाच्या रिंगेचा स्क्रू जेमतेम इंचभर असतो. तो एक-दोन पदरांसाठी बनवलेला. त्याच्यावर वाकळ लादली की आधी आटे जातात, नाहीतर लाकूड स्क्रूच्या भोकापाशी उभं चिरतं.

म्हणून रिंग घेताना व्यासाआधी दोन गोष्टी बघा. स्क्रू दोन इंचांपेक्षा लांब हवा आणि कड्याची उंची पाऊण ते एक इंच हवी. भरतकामाच्या रिंगेची उंची बोटाच्या पेरापेक्षाही कमी, सेंटिमीटरभर असते, तेवढ्यात जाड थर पकडीत येत नाहीत, सटकतात. दुकानात जाताना वाकळीचे सगळे थर एकावर एक ठेवून चिमटीत दाबा आणि पट्टीवर जाडी मोजून न्या. जाडी ६ मिलिमीटरच्या पुढं गेली तर रिंगेचा नाद सोडा. तिथं लाकडी चौकट तरी हवी, नाहीतर जमिनीवरच शिवावं.

व्यास ठरवायचा तो हातावरून. रिंग मांडीवर ठेवून एक हात खालून घाला. खांदा न उचलता मधलं बोट रिंगेच्या मध्यापलीकडं दोन बोटं गेलं पाहिजे. बहुतेकींना १४ किंवा १६ इंची पुरते. १८ इंची रिंगेत काम जास्त मावतं खरं, पण तासाभरात डावा खांदा भरून येतो आणि मधले टाके वेडेवाकडे पडायला लागतात.

नवी रिंग आणली की आतल्या कड्याला सुती फीत गुंडाळा. इंचभर रुंद फीत अर्धी-अर्धी चढवत न्यायची तर १४ इंची कड्याला सहा मीटरच्या आसपास लागते. शेवट गाठ मारून सोडू नका, आतल्या बाजूला टाके घालून पक्का करा. गाठीचा उंचवटा कापडावर उमटतो. फितीमुळं पकड वाढते आणि स्क्रू कमी आवळला तरी भागतं.

चिकोडी : रिंगेत लावून शिवते, वरून छान दिसतं, पण उलटं केलं की अस्तराला चुण्या. दर वेळी उसवावं लागतं. रिंग अजून घट्ट आवळायला हवी का?

उलट, सैल करायला हवी. भरतकामात कापड ढोलकीसारखं ताणायची सवय असते आणि वाकळीत तीच नडते. कापड तसं ताठ असेल तर सुई उभी आत जाते आणि उभीच वर येते, तिला डुलवून एकदम तीन-चार टाके घेता येत नाहीत. शिवाय ताणलेलं कापड रिंग काढल्यावर आपल्या जागी परततं आणि दोरा तेवढाच राहतो, की पडल्या चुण्या.

रिंग अशी बसवा. आतलं कडं खाली, त्यावर वाकळ, वरून बाहेरचं कडं, स्क्रू ढिला. बाहेरचं कडं दाबायच्या आधी तळहातानं मध्ये हलकं दाबून कापडाला थोडा झोळ द्या. मग कडं बसवा आणि स्क्रू बोटांनीच फिरवा, पक्कड नको. आता खालून बोट लावून वर ढकला. कापड अर्धा इंच उचललं तर ताण बरोबर. मुळीच उचललं नाही तर जास्त झाला. स्क्रू आवळल्यानंतर कडेनं कापड ओढायचं नाही, विशेषतः कोपऱ्याकडून तिरपं. तिरप्या अंगानं कापड लगेच लांबतं आणि चौकोनी तुकड्यांचे शंकरपाळे होतात.

पण तुमच्या पत्रात कच्च्या टाक्यांचा उल्लेखच नाही. बहुधा दोष तिथंच आहे. रिंगेत लावायच्या वाकळीला आधी पूर्ण टाचून घ्यावं लागतं, कारण रिंग एका वेळी फुटभरच जागा धरते, बाकीचे थर मांडीवर मोकळे सरकत असतात. अस्तर जमिनीवर उलटं पसरा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, ताण न देता नुसतं सपाट. त्यावर भराव, त्यावर वरचा पदर. मध्यापासून बाहेर, दर चार इंचांवर आडवी-उभी ओळ, टाका दोन इंचांचा चालेल. दोरा पांढराच घ्या. गडद रंगाचा दोरा उसवल्यावर फिक्या कापडात भोकांशी रंग सोडून जातो. शिवणही मध्यापासूनच सुरू करा आणि रिंग बाहेरच्या दिशेनं सरकवत न्या. चार कोपरे आधी शिवून मध्ये आलात तर सगळा झोळ मध्यावर गोळा होतो आणि त्याला जायला वाट नसते.

दर वेळी रिंग बसवली की खालून हात फिरवायचा. चुणी बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर.

निपाणी : नळाच्या प्लास्टिक पाइपची चौकोनी फ्रेम घरी करता येते असं ऐकलं. सामान किती लागेल? मिस्टर करून देतो म्हणतात, पण पाइपचे इतके प्रकार आहेत की दुकानदारही गोंधळला.

गोंधळ होण्यासारखंच आहे. घरातल्या नळाचा पांढरा यूपीव्हीसी, गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी आणि शेतातला राखाडी पाइप, तिन्हींची मापं वेगळी. 'पाऊण इंची' म्हटलं तरी पांढऱ्याचा बाहेरचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटरच्या वर आणि पिवळसराचा बावीस. म्हणून सगळं सामान पांढऱ्यातलंच घ्या आणि दुकानातच एकात एक बसवून बघा.

साधारण १७ इंची फ्रेमसाठी पाऊण इंची पाइप ५ फूट, त्याचे १५ इंचांचे चार तुकडे. पाऊण इंची एल्बो चार. पकडीसाठी एक इंची पाइप ४ फूट, शेड्यूल ४० मधला. शेड्यूल ८० ची भिंत जाड असते, तो ना उघडतो ना बसतो. या एक इंची पाइपाचे १२ इंचांचे चार तुकडे करा आणि प्रत्येकाचा उभा काप काढा. लांबीभर दोन समांतर रेषा मारायच्या, मधली पट्टी २५ ते २८ मिलिमीटर रुंद, म्हणजे घेराचा पाव भाग, आणि ती हॅकसॉनं कापून टाकायची. उरलेला पाइप इंग्रजी सी अक्षरासारखा दिसतो. तो पाऊण इंची पाइपावर वरून दाबला की टक्कन बसतो. मध्ये वाकळ आली की पकड घट्ट होते. फार घट्ट वाटली तर पट्टी दोन मिलिमीटर आणखी कापा. आधीच जास्त कापलंत तर पकड ढिली राहते आणि तो तुकडा वाया जातो.

एल्बोला सोल्युशन लावायचं नाही. कोरडं बसवलं की पाइप एल्बोत पूर्ण शिरत नाही, अर्ध्यावर अडतो. तेवढं पुरे, रबरी हातोडीनं हलका ठोका द्या. जोड मोकळे ठेवले की फ्रेम खोलून पिशवीत जाते. समोरासमोरच्या दोन बाजू बदलून १७ बाय ११ चीही करता येते, ती काठांसाठी बरी.

दोन कामं मिस्टरांना आठवणीनं सांगा, कारण ती हमखास राहतात. कापलेल्या कडा आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायच्या. बोटाला गुळगुळीत लागलं म्हणून थांबू नका, जुनी नायलॉनची ओढणी त्यावरून फिरवून बघा, धागा अडकला तर अजून घासा. दुसरं म्हणजे पाइपावरची कंपनीच्या नावाची छापील ओळ. ती शाई घामाच्या हातानं आणि दाबानं कापडावर उमटते, सरळ ओळीतली अक्षरंच्या अक्षरं. थिनरच्या बोळ्यानं पुसा, मग साबणानं धुवा.

ताण द्यायला पकडी बाहेरच्या बाजूला किंचित फिरवायच्या, सैल करायला आत. स्क्रूपेक्षा हे सोपं पडतं. सांधे दुखणाऱ्या बायकांना तर गोल रिंगेपेक्षा हीच फ्रेम आम्ही सुचवू. एकच उणं: ५ मिलिमीटरच्या वर जाडी गेली की पकडी रात्रीतून उडतात.

खानापूर : बचत गटात चौघीजणी मिळून वाकळी शिवतो, ५ बाय ७ फुटांच्या. जमिनीवर पसरून शिवताना पाठ जाते. सुताराकडून चौकट करून घ्यायची आहे. कुठलं लाकूड, काय मापं, आणि बसून शिवता येईल का?

बसून शिवता येईल अशीच करून घ्या. खुर्चीच्या उंचीची चौकट खोली अडवते आणि मांडी घालून बसायची सवय असलेल्या बायकांना ती मानवत नाही.

मुख्य दांड्या दोन, प्रत्येकी ६ फूट. वाकळीची ५ फुटी बाजू दांडीवर येऊ द्या आणि ७ फुटी लांबी गुंडाळत न्या. लांब बाजू दांडीवर घेतली तर दांडी ८ फुटांची होते आणि मध्ये वाकते. ५ फुटांत एका बाजूला दोघी, प्रत्येकीला अडीच फूट, असं चौघींना नीट बसता येतं. दांडीचं माप दीड बाय अडीच इंच, अडीच इंच उभं. आडव्या पट्ट्या दोन, अडीच-तीन फूट लांब, दोन बाय एक इंच, त्या आडव्या झोपवून वर दांड्या ठेवायच्या. चार कोपऱ्यांना चार सी-क्लॅम्प, ४ इंची तोंडाचे, कारण दांडीची अडीच आणि पट्टीची एक मिळून साडेतीन इंच पकडायचे आहेत. ३ इंचीत ते बसत नाहीत. सुतार खिळे किंवा खुंट्या मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. ताण कमी-जास्त करायची सोय क्लॅम्पमुळंच राहते.

दोन दांड्यांमधलं अंतर २४ ते २८ इंच. समोरासमोर बसून प्रत्येक बाजूनं १२ ते १४ इंच हात पोचतो, त्याहून लांब ठेवलं तर मधली पट्टी दोघींकडूनही वाईट शिवली जाते. चौकटीखाली ठोकळे असे घ्या की वरची बाजू जमिनीपासून १२-१३ इंचांवर येईल. करून घेण्याआधी गटातली सगळ्यात धिप्पाड बाई मांडी घालून बसवा आणि तिच्या गुडघ्याची उंची मोजा. चौकटीची खालची बाजू त्याच्या दोन बोटं वर हवी, खालचा हात तिथून जायचा आहे.

लाकूड सागवानी असेल तर उत्तम. परवडत नसेल तर जुन्या खाटेच्या किंवा दाराच्या लाकडातून काढून घ्या. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, पीळ घेत नाही. वखारीतून पावसाळ्यात आणलेलं ओलं लाकूड दिवाळीपर्यंत वाकतं. निलगिरी स्वस्त मिळते पण हमखास पिळते. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. बाभूळ किंवा ऐन घेतलं तर एक जपा: या लाकडांत टॅनिन भरपूर असतं, ओलसर हवेत लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, लागल्या की लाकूड काळं पडतं आणि तो काळा डाग कापडात उतरतो. तो धुऊन जात नाही. तिथं पितळी चुका वापरा.

दांडी पुरेशी जाड आहे का, हे ताणल्यावर कळतं. वाकळ लावून ताण दिला की दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मध्यावर दांडी दोऱ्यापासून पाव इंचाहून जास्त आत झुकली असेल तर ती बारीक आहे. अशा चौकटीत कडा ताठ आणि मध्य सैल राहतो. मधले टाके घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि वाकळ उतरवल्यावर मध्येच चुरगळल्यासारखी दिसते.

आता लावणं. प्रत्येक दांडीला ८ इंच रुंद मांजरपाटाची ५ फुटी पट्टी ठोका, दर दोन इंचांवर एक चूक. पट्टीचा आणि दांडीचा मध्य पेन्सिलीनं खुणावून ठेवा. वाकळ आधी जमिनीवर टाचून घ्यायची, चिकोडीच्या प्रश्नात सांगितली तशी, फक्त ओळी पाच इंचांवर चालतील. मग वाकळीच्या दोन्ही ५ फुटी कडा या पट्ट्यांना जाड दोऱ्यानं शिवा, मध्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडं. एका टोकापासून सुरू केलंत तर दुसऱ्या टोकाला दोन इंच तरी कापड उरतं आणि सगळी वाकळ तिरकी गुंडाळली जाते. एका दांडीवर गुंडाळी करा, २४ इंच उघडं ठेवा, क्लॅम्प आवळा.

उरल्या दोन मोकळ्या बाजू. त्या लोंबू द्यायच्या नाहीत. आडव्या पट्टीवरून सुती फीत नागमोडी घ्यायची आणि दर चार इंचांवर वाकळीच्या काठाला सेफ्टी पिनेनं अडकवायची. पिना ओढल्या जाऊन काठाला टोकं आली तर फीत सैल करा.

शिवत शिवत एका दांडीकडून दुसरीकडं जायचं, इथं मध्यापासून सुरू करायची गरज नाही. टाचलेले थर दोन्ही दांड्यांवर गुंडाळीत धरलेले असतात, झोळ पुढं पुढं सरकत जातो. चौघींचा हात सारखा नसतो, हे मात्र कुठली चौकट सुधारत नाही. एकीचे इंचात सहा टाके आणि दुसरीचे चार असतील तर प्रत्येक गुंडाळीनंतर जागा बदला, म्हणजे फरक सगळ्या वाकळीत विखुरतो आणि एका बाजूला पट्टा दिसत नाही. उजव्या हातानं शिवणारीच्या डावीकडून उजेड यावा. समोरासमोर बसल्यावर ते दोघींना एकदम जमत नाही, म्हणून चौकट खिडकीला समांतर न ठेवता खिडकीखाली काटकोनात ठेवा आणि डावखुरी कोणी असेल तर तिला उलट्या बाजूला बसवा.

हल्याळ : सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंद, म्हणजे त्यांची तुकड्यांची वाकळ, शिवायला शिकते आहे. त्या कुणीच चौकट वापरत नाहीत. घेतली तर काम सुबक होईल का?

घेऊ नका. कवंदेत वरचा पदर आधी तयार नसतोच. अस्तरावर कडेपासून तुकडे ठेवत, कडा दुमडत, शिवत शिवत मध्याकडं यायचं असतं. जो पदर अजून झालाच नाही तो चौकटीत ताणणार कसा? शिवाय काम कोपऱ्यापासून फिरत आत येतं, म्हणजे वाकळ सारखी मांडीवर फिरवावी लागते. चौकटीत ते अडतं. झोळ आत ढकलला जातो आणि मध्यावरचे तुकडे बसवताना तो सावरून घेतला जातो, ती त्या पद्धतीतलीच सोय आहे. कोपऱ्यांवरची तिकोनी फुलं शेवटी. तीही रिंगेत चिरडतील.

वडगाव, बेळगाव : इरकल साडीची वाकळ करते आहे. पदराच्या जोडावर रिंग आली की सुई जातच नाही.

इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा फासे घालून जोडलेला असतो, त्याला टोपे तेनी म्हणतात. त्या ओळीत धागे दुहेरी आणि घट्ट. रिंगेचं कडं त्या ओळीवर कधीच येऊ देऊ नका, दाबानं फासे उघडतात. जोड रिंगेच्या मध्यावर घ्या, त्या ओळीवर टाके न घालता दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच सोडून शिवा. पदर रेशमी असेल तर रिंग एका जागी तासापेक्षा जास्त ठेवू नये, रेशमावरचा वळ सुतीसारखा धुऊन जात नाही.

जांबोटी : पावसाळ्यात रिंग वाकळीतच राहिली. काढली तर गोल काळपट वळ आणि स्क्रूपाशी तांबडा डाग.

काळपट वळ मळाचा आणि बुरशीचा आहे, तांबडा गंजाचा. वळ साबणाच्या कोमट पाण्यानं जाईल, वाकळ उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. गंजाच्या डागाला ब्लीच लावू नका, डाग आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, नंतर भरपूर पाण्यानं धुवा. पण आधी आतल्या कुठल्या तरी कोपऱ्यात रंग जातो का ते बघा, लिंबानंही काही रंग फिके पडतात. काम उठवताना रिंग रोज काढायचीच. तुमच्याकडच्या पावसात लाकडी कडंही फुगतं, म्हणून जूनमध्ये ठीक बसणारी रिंग ऑगस्टमध्ये निघत नाही. स्क्रू लोखंडी असेल तर त्याच मापाचा पितळी घाला आणि आट्यांवर मेणबत्ती घासा. तेल नको, ते कापडावर येतं.

संकेश्वर : मधलं सगळं झालं, आता कडा राहिल्यात. कडेवर रिंग अर्धीच बसते, पकडत नाही.

कडेला जुन्या चादरीची ८ इंच रुंद पट्टी लांब टाक्यांनी जोडून घ्या, म्हणजे रिंगेला पूर्ण कापड मिळतं. पट्टी वाकळीच्या सगळ्या थरांना जोडायची, नुसत्या अस्तराला नाही, नाहीतर वरचा पदर सुटा राहून आत सरकतो. पट्टीचं कापड पातळ असेल तर त्या बाजूला रिंग ढिली पडते, तेव्हा पट्टी दुहेरी-तिहेरी दुमडून वाकळीच्या जाडीला आणा. कोपऱ्यावर पट्ट्या एकमेकींवर चढवा, तिथंच रिंग जास्त सटकते. हे झालं की पट्टी उसवून ठेवून द्या, पुढच्या वाकळीला तीच चालते.